मोठ्या वित्तसंस्थेतील नोकरी आतून कशी असते? राष्ट्रीयीकृत बँक की खराडीतील परदेशी बँक?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

मी मूळची कराडची. एम.कॉम. झाल्यावर दीड वर्ष परीक्षांचा अभ्यास केला आणि आता एकाच महिन्यात हातात दोन नेमणुका आल्या आहेत. पहिली आयबीपीएसच्या (बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) परीक्षेतून एका राष्ट्रीयीकृत बँकेत परिविक्षाधीन अधिकारी म्हणून, आणि दुसरी पुण्यात खराडी येथे एका परदेशी गुंतवणूक बँकेच्या सेटलमेंट विभागात ॲनालिस्ट म्हणून. पगारात फारसा फरक नाही, त्यामुळे पगाराविषयी मी विचारत नाही.

वडील साखर कारखान्याच्या शेती खात्यात कारकून आहेत. त्यांच्या लेखी राष्ट्रीयीकृत बँक म्हणजे जन्माची भाकरी. पुण्यात आयटीत असलेला मामेभाऊ म्हणतो की शाखेत बसून पासबुके छापण्यात तुझे शिक्षण वाया जाईल. दोघांनीही अशा ठिकाणी एक दिवस काम केलेले नाही. मुलाखतीच्या वेळी कंपनीच्या लोकांनी जे सांगितले, ते त्यांच्या माहितीपत्रकात आधीच छापलेले होते. म्हणून ज्यांनी अशा मोठ्या संस्थेत काही वर्षे काढली आहेत त्यांना विचारते, की तिथला दिवस कसा जातो, हातून चूक झाली तर काय होते, आणि दहा वर्षांनी माणूस तिथे कसा होऊन बसतो? आपापल्या संस्थेचे नाव सांगितले नाही तरी चालेल.

निवृत्त शाखाधिकारी यांचे उत्तर

दहा वर्षांनी माणूस कसा होतो, हे विचारलेत म्हणून लिहायला बसलो. मी १९८४ साली कारकून म्हणून लागलो आणि २०२१ साली स्केल ४ मधून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या चौथ्या श्रेणीतून, निवृत्त झालो. मधल्या काळात अकरा बदल्या झाल्या, त्यांतल्या दोन राज्याबाहेर.

अधिकारी झाल्यावर पहिली जाणीव होते ती किल्लीची. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात आणि एकट्याने ती कधीच उघडता येत नाही. सकाळी दुसरा किल्लीवाला आल्याशिवाय शाखा सुरू होत नाही आणि संध्याकाळी रोख जुळल्याशिवाय दोघांपैकी कोणालाही घरी जाता येत नाही. बाहेरच्याला हा नुसता नियम वाटतो. पण तुमच्या मुलाला ताप आलेला असताना रोखपाल चौथ्यांदा पन्नासच्या नोटांची गड्डी मोजत बसतो, तेव्हा तो नियम अंगाला लागतो.

मामेभावाने पासबुकांचा उल्लेख केला, पण ती छापायला आता यंत्रे आहेत. अधिकाऱ्याचे खरे काम कर्जाचे आहे. माण तालुक्यातील एका शाखेत असताना दुभत्या जनावरांच्या कर्जांची पाहणी करायला गेलो होतो. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात क्रमांकाचा बिल्ला असतो आणि जनावर दगावल्यास तो बिल्ला हजर केल्याशिवाय दावा मिळत नाही, हे तिकडच्या लहान मुलालाही ठाऊक असते. सकाळी एका वस्तीवर चार म्हशी पाहिल्या, क्रमांक लिहून घेतले. दुपारी पाच किलोमीटरवरच्या दुसऱ्या वस्तीवर दुसऱ्या अर्जदाराच्या चार म्हशी पाहिल्या. त्यांतल्या एकीच्या डाव्या शिंगाचे टोक मोडलेले होते आणि ते शिंग मी सकाळीच पाहिले होते. जवळ जाऊन कान पाहिला, तर बिल्ला नवा कोरा आणि भोकाभोवतीची जखम ओली. म्हैस तीच, कागद दुसरा. मी अहवालात जे पाहिले ते लिहिले आणि दुसरे कर्ज थांबले. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने मात्र अशी काही प्रकरणे खुर्चीत बसूनच मंजूर केली होती. ती थकीत गेली तेव्हा तो तीनशे किलोमीटरवर दुसऱ्या शाखेत होता आणि तिथे त्याला खुलासा मागणारे पत्र गेले. आमच्याकडे यालाच स्टाफ अकाउंटेबिलिटी म्हणतात. सही केलेला कागद बदलीच्या गावापर्यंत मागे येतो, आणि काहींच्या बाबतीत निवृत्तीपर्यंत.

वरून येणाऱ्या घोषणांचेही सांगायला हवे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि त्यानंतरचे पन्नास दिवस शाखेतल्या कोणी वेळेवर जेवल्याचे मला आठवत नाही. २०१७ च्या कर्जमाफीत खातेदारांच्या याद्या जुळवत आम्ही रात्री बसलो. घोषणा दूरचित्रवाणीवर संध्याकाळी होते, शेतकरी सकाळी तुमच्या टेबलासमोर येऊन उभा राहतो, आणि परिपत्रक अजून निघायचे असते. त्या तिन्हींच्या मध्ये तुम्ही असता. हे ज्याला पेलते त्याला ही नोकरी मानवते.

पैशाचे दोन शब्दांत सांगतो. २०२४ च्या वेतनकरारानंतर स्केल १ चे मूळ वेतन ४८,४८० रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता आणि घराची सोय. दुसरा व चौथा शनिवार २०१५ पासून सुट्टीचा आहे. मात्र वडिलांच्या डोक्यात जी पेन्शन आहे ती तुम्हाला मिळणार नाही, कारण १ एप्रिल २०१० नंतर रुजू झालेले सगळे एनपीएसमध्ये, म्हणजे स्वतःच्या आणि बँकेच्या वर्गणीवर चालणाऱ्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत, येतात. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

रात्रपाळी यांचे उत्तर

मी नऊ वर्षे पुण्यातच एका परदेशी बँकेच्या सेटलमेंट विभागात आहे, म्हणजे तुम्हाला जिथे बोलावले आहे तसल्याच खुर्चीवर. वरच्या उत्तरातली म्हैस वाचून हेवा वाटला, कारण नऊ वर्षांत मी एकही ग्राहक डोळ्यांनी पाहिलेला नाही.

आमचे काम असे: कुठेतरी कोणीतरी रोखे विकत घेतलेले असतात. ठरलेल्या दिवशी पैसे एकीकडे आणि रोखे दुसरीकडे जायला हवेत. दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळल्या तर कोणाला आमची आठवणही होत नाही. जुळल्या नाहीत तर त्याला ब्रेक म्हणतात आणि दिवसभर हे ब्रेक सोडवणे म्हणजे आमची नोकरी. कोणाचा क्रमांक चुकला, कोणी रक्कम दलालीसह लिहिली आणि कोणी दलालीशिवाय, कोणाच्या देशात आज सुट्टी आहे, असे शोधत बसायचे. ज्याला हिशेबातली एक पैशाची तफावत रात्री झोपू देत नाही त्याच्यासाठी हे काम आहे. ज्याला माणसे लागतात तो दोन वर्षांत कोमेजतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

वेळेविषयी तुम्हाला कोणी स्पष्ट सांगणार नाही, म्हणून सांगते. भारतात सर्व समभागांची सेटलमेंट २७ जानेवारी २०२३ पासून टी+१ झाली, म्हणजे व्यवहारानंतर एका कामकाजाच्या दिवसात. त्याने आमचे काही बिघडले नाही. पण २८ मे २०२४ पासून अमेरिकाही टी+१ वर आली आणि आमच्या पाळ्या बदलल्या. न्यूयॉर्कचा बाजार बंद होतो तेव्हा त्यांच्या उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. पूर्वी जुळवाजुळवीला दुसरा दिवस हाताशी असे. आता ती आपल्या रात्रीतच उरकावी लागते. म्हणून नेमणुकीच्या पत्रात विभागाचे नाव वाचून थांबू नका. तो विभाग कोणत्या बाजारासाठी काम करतो ते विचारा. सिंगापूर-हाँगकाँग असेल तर पहाटे उठावे लागेल, लंडन असेल तर रात्री दहा-साडेदहाला सुटाल, न्यूयॉर्क असेल तर घरच्यांशी भेट रविवारी. गाडी कंपनीची असते आणि शेवटी उतरणारी बाई असेल तर गाडीत सुरक्षारक्षक बसतो, त्यामुळे सुरक्षिततेची काळजी मला कधी वाटली नाही. झोपेचे मात्र जे व्हायचे ते होतेच.

चुकीबद्दल माझाच अनुभव सांगते. एका युरोपीय रोख्याच्या व्यवहारात समोरच्या पक्षाने आपला कस्टोडियन, म्हणजे रोखे सांभाळणारी बँक, बदलला होता आणि आमच्या साच्यात जुनाच खाते क्रमांक राहिला होता. मेकरने, म्हणजे नोंद भरणाऱ्याने, तो तसाच भरला आणि चेकर, म्हणजे नोंद तपासणारी, म्हणून मी पुढे सरकवला, कारण शुक्रवारची संध्याकाळ होती आणि रांगेत आणखी चाळीस नोंदी होत्या. व्यवहार फेल गेला, म्हणजे ठरलेल्या दिवशी पुरा झाला नाही. युरोपात १ फेब्रुवारी २०२२ पासून फेल गेलेल्या व्यवहाराला दिवसागणिक दंड लागतो, तो लागला. रक्कम शे-दोनशे युरोंची, पण तिच्यावरचा अहवाल अकरा पानांचा झाला. कोणी चूक केली यापेक्षा संगणकाने ती होऊ कशी दिली यावरच सगळी चर्चा झाली, कोणी आवाजही चढवला नाही. हे मला त्या वेळी फार सुसंस्कृत वाटले. वर्षअखेरीला माझे रेटिंग एका पायरीने खाली आले, तेव्हा त्या अकरा पानांचा उल्लेख कुठेच नव्हता.

नोकरी टिकण्याबद्दलही लिहिते. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली तेव्हा तिच्या पवईच्या कार्यालयातले लोक जपानी नोमुराकडे गेले. १९ मार्च २०२३ या रविवारी यूबीएस ही स्विस बँक क्रेडिट स्विस ही दुसरी स्विस बँक घेत असल्याचे जाहीर झाले. क्रेडिट स्विसचे मोठे कार्यालय आमच्या खराडीतच होते, त्यामुळे सोमवारी चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. दीडशेहून अधिक वर्षांची बँक शनिवार-रविवारात संपू शकते, हे त्या दिवशी आम्हाला बातमीतून नव्हे तर शेजारच्या इमारतीतून कळले. इथे जन्माची भाकरी नाही. पण शिकलेले काम तुमच्याजवळ राहते, आणि त्या एका परिसरातच ते काम करणाऱ्या दहा-बारा संस्था आहेत.

लॉगिनचा बळी यांचे उत्तर

मी या दोन्हींपैकी कुठेच नव्हतो. एका खासगी बँकेत दोन वर्षे सात महिने रिलेशनशिप मॅनेजर होतो, म्हणून थोडक्यात लिहितो.

सकाळी सव्वानऊला बैठक, आणि तीत एकच प्रश्न: आज किती लॉगिन? लॉगिन म्हणजे भरून घेतलेला अर्ज, मग तो विम्याचा असो वा कार्डाचा. एका निवृत्त शिक्षकांची मुदत ठेव पूर्ण झाली होती. मी त्यांना दरवर्षी हप्ता भरावा लागणारी विमा पॉलिसी अशा शब्दांत समजावली की त्यांना ती ठेवच वाटली. मी खोटे काही बोललो नाही. 'दरवर्षी' हा शब्द फक्त हळू उच्चारला. कागद नीट वाचून ते विसाव्या दिवशी माझ्याकडे आले. पॉलिसी परत करण्याची मुदत तेव्हा पंधरा दिवसांची होती. ती तीस दिवसांची झाली २०२४ मध्ये. त्यांनी मला दोष दिला नाही, नुसते म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यासारखा दिसतोस तू." त्या महिन्यात शाखेत माझा सत्कार झाला होता.

त्यामुळे दोन्ही ठिकाणी एवढेच विचारून घ्या, की या खुर्चीला विक्रीचे टार्गेट आहे का? राष्ट्रीयीकृत बँकेत ते नसते, या भ्रमात राहू नका. तिथेही आता विमा विकावा लागतो, फक्त बैठकीतली भाषा थोडी सौम्य असते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. खराडीच्या एचआरला बाजार कोणता ते विचारले. उत्तर आले: लंडन, पण 'गरजेनुसार' न्यूयॉर्क. आणखी दोन शंका आहेत. खराडीच्या पत्रात वर्षातून एकदा सलग दहा दिवसांची सक्तीची रजा घ्यावी लागेल असे कलम आहे. वडील ते वाचून हसले, की रजा सक्तीने देणारी कंपनी प्रथमच पाहिली. यामागे काय असते? आणि शाखाधिकारी सर, त्या म्हैसवाल्याचे पुढे काय झाले?

तपासनीस यांचे उत्तर

सक्तीच्या रजेबद्दल मी सांगू शकतो, कारण बँकांच्या अंतर्गत तपासणीत माझी सतरा वर्षे गेली आहेत. ती रजा तुमच्या विश्रांतीसाठी नाही. तुम्ही नसताना तुमचे टेबल दुसऱ्याने सांभाळले की तुम्ही काही दडवले असेल तर वर येते, म्हणून ती आहे. फसवणूक करणाऱ्याला रोज हजर राहून कालचे खोटे आज झाकावे लागते. सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेत २००८ साली एका ट्रेडरच्या व्यवहारांपायी ४.९ अब्ज युरोंचे नुकसान झाले. तो रजा घ्यायचे टाळत असे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये सांगितले, की संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, किमान दहा कामकाजाच्या दिवसांच्या सलग रजेवर पाठवावे. त्या काळात त्यांना बँकेच्या यंत्रणेत शिरता येत नाही, फक्त ईमेल पाहता येते. म्हणजे राष्ट्रीयीकृत बँकेतही असे कलम तुमच्या वाट्याला येऊ शकते. वडिलांना हेही सांगा.

मोठ्या वित्तसंस्थेत नवीन माणसाला सर्वांत जास्त खुपते ते हेच, की संस्था तुमच्यावर विश्वास ठेवत नाही आणि तो न ठेवण्यासाठी पगारी माणसे नेमते. मीही त्यांतलाच एक. पण हा अविश्वास सैल पडला की काय होते ते फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वांनी पाहिले. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतून स्विफ्टवर (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवर) हमीचे संदेश जात होते आणि बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत त्यांची नोंदच नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. आकडा तेरा हजार कोटींच्या वर गेला. एक अधिकारी वर्षानुवर्षे त्याच टेबलावर राहिला होता. बदल्यांना आपण शिव्या देतो, पण निदान काही बदल्या अशा टेबलांसाठी असतात.

तुम्हाला कामाची गोष्ट एकच सांगतो. संध्याकाळी सातला, दिवसअखेरचे काम अडलेले असताना, वरिष्ठ म्हणतील, "मॅडम, तुम्ही निघा, पासवर्ड तेवढा सांगून ठेवा." सांगणारे फार प्रेमाने सांगतात आणि बहुतेक वेळा त्यांच्या मनात काही नसतेही. माझ्यासमोर एका चौकशीत अशीच एक तरुण अधिकारी बसली होती. नोंद तिच्या आयडीवरून झालेली, ती त्या वेळी बसमध्ये, तिकीटसुद्धा तिने जपून ठेवलेले. ते तिकीट पाहून सगळे गप्प झाले, आणि मग तिला विचारले गेले की पासवर्ड दिला का होता. शिक्षा तिला त्याच कारणाने झाली. नकार द्यायला जीभ जड होते हे मला मान्य आहे. तरी थांबून काम पुरे करा आणि मग निघा.

रात्रपाळी

आमच्याकडे याला ब्लॉक लीव्ह म्हणतात. पहिल्या वर्षी मला अपमान वाटला होता, आता मी तिच्यावर कोकणाची तिकिटे काढते. आमच्या रजेची तारीख निदान आधी ठरवता येते.

'गरजेनुसार न्यूयॉर्क' याचा अर्थ न्यूयॉर्क, असे धरून चला. आणि एक हिशेब: परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या परीक्षेला खुल्या गटात वयाची मर्यादा तीस आहे. आमच्याकडे तुम्हाला पंचविशीत घेतील तसे बत्तिशीतही घेतील, विशेषतः बँकेतला अनुभव असेल तर. उलट वाट तीसनंतर बंद होते. मी तुमच्या जागी असते तर आधी शाखेत गेले असते, हे मी नऊ वर्षांनंतर म्हणते आहे. पंचविशीत मला असे सांगणाऱ्याचे मी ऐकले नसते.

निवृत्त शाखाधिकारी

वरच्या हिशेबाशी मी पूर्ण सहमत नाही. शाखेत चार वर्षे झाली की परिविक्षा संपलेली असते, स्टाफच्या सवलतीच्या दराने घर घेतलेले असते (त्या सवलतीवर प्राप्तिकर लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कायम केले), आणि मग कोणी बाहेर पडत नाही. वाट उघडी असते, पाय उचलत नाही. त्यामुळे नंतर सोडू, या हिशेबाने शाखेत येऊ नका. यायचे तर तिथल्या कामासाठी या. रुजू होण्याआधी बॉण्डची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची, मुदत आणि रक्कम वाचून घ्या. ती बँकेबँकेनुसार वेगळी असते. आणि पहिली नेमणूक तमिळनाडूत मिळाली तर काय, याचे उत्तर घरात आजच ठरवून ठेवा.

म्हैसवाला दोन वर्षे माझ्याकडे पाहून मान फिरवत असे. एसटी स्टँडवर समोरासमोर आलो तर रस्ता ओलांडून जाई. नंतर मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी शैक्षणिक कर्ज हवे म्हणून तो आला आणि टेबलासमोर उभाच राहिला, खुर्चीवर बसेना. मी कागद पाहिले. महाविद्यालयाला मान्यता होती, मुलीचे गुण चांगले होते, त्याचे जुने पीककर्ज नियमित होते. प्रकरण नवव्या दिवशी मंजूर झाले. त्यानंतर माझी बदली झाली, त्यामुळे पुढचे हप्ते कसे आले ते मी पाहिले नाही. खुलासा मागणारे पत्र मात्र त्या कर्जावर आले नाही.